‘रणरण’ आणि नेलपॉलिशचा ठिपका

टेप भाजावी लागते, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. वांगं भाजतात तशी जाळावर नव्हे. पन्नास-बावन्न अंशांच्या कोरड्या उबेत, आठ तास, मधूनमधून स्पूल, म्हणजे टेपेचं रीळ, उलटं करत. कारण टेप म्हणजे काय, तर प्लास्टिकची लांब पट्टी आणि तिच्यावर डिंकासारख्या पदार्थानं चिकटवलेली लोखंडाच्या गंजाची भुकटी. गाणं असतं ते त्या भुकटीत. वीस-पंचवीस पावसाळे गेले की डिंक ओल धरतो आणि चिकट होतो. अशी टेप मशीनला लावली की ती कुईकुई करत आवाज वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि भुकटी, म्हणजे गाणंच, सोलून तिथं ठेवते. भाजली की डिंक काही दिवसांपुरता सुकतो. तेवढ्यात एकदा वाजवायची आणि कॉम्प्युटरात उतरवून घ्यायची. दुसरी संधी मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

माझा धंदा आता एवढाच उरला आहे. पूर्वी क्रांती चौकाजवळ माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात आणि तिथला पोरगा मला ‘अंकल, टेम्पर्ड ग्लास?’ असं विचारतो. मी गारखेड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत मशीनं मांडून बसतो. लोक काय काय घेऊन येतात! एकानं म्हशीनं चघळलेली कॅसेट आणली होती. आत त्याच्या वडिलांचं सरपंचपदाचं भाषण होतं, म्हशीचं चुकलं असं मला तरी वाटलं नाही. एक बाई लग्नातल्या गाण्यांची कॅसेट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘मधे मधे सासूबाई बोलतात, तेवढं काढता येईल का?’ काढून दिलं. महिन्यानं परत आल्या, सासूबाई वारल्या होत्या. काढलेला भाग परत जोडून मागत होत्या. माझी सवय अशी की कापलेलं कधी फेकायचं नाही, म्हणून निभावलं.

पण कारागिरीच्या या फुशारक्या मारल्या की मला ‘रणरण’ आठवतो आणि जीभ आपोआप चावली जाते.

‘रणरण’ हा आपल्या शहरातल्या चार इंजिनीअरिंगच्या पोरांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी काढलेला मराठी हार्ड रॉकचा अल्बम. त्यांच्या बँडचं नाव ‘कडेलोट’. हार्ड रॉक म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की गिटार करवतीसारखी ओरडते, ढोलवाला घरचं भांडण काढल्यासारखा बडवतो आणि मधोमध भास्कर नावाचा सोयगावचा सडपातळ पोरगा डोळे मिटून असा गातो की आपल्या छातीत काहीतरी हलतं. गाणी इथलीच होती. उन्हाची, एसटी स्टँडवरच्या रात्रीची, होस्टेलच्या मेसची. शेवटचं गाणं ‘टँकर’. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीचं. त्याच्या शेवटी भास्कर ‘आला रेऽऽ’ अशी जी आरोळी ठोकतो, ती वर वर चढत जाते आणि थांबायचं नावच घेत नाही.

त्या आरोळीनंच घोळ केला.

पोरांनी एका मोठ्या स्पूलवर सगळं रेकॉर्डिंग करून माझ्याकडे आणलं. मला त्याच्या तीनशे कॅसेट भरून द्यायच्या होत्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर विकायला. कव्हरं छापून आलेली, कॅसेटी आणलेल्या, सगळ्या साठ मिनिटांच्या. म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं आणि वर अर्ध्या मिनिटाची चिंधी. अ बाजू नीट बसली. ब बाजू निघाली बत्तीस मिनिटांची. आरोळी येण्याआधीच कॅसेट संपत होती. पोरांना विचारायला गेलो तर चौघं स्टेज बांधण्यात. आणि विचारून तरी काय, त्यातला एक सेकंद कापू का म्हटलं असतं तर त्यांनी मलाच कापलं असतं.

माझ्या स्पूल मशीनला वेग कमी-जास्त करायचं एक बटण आहे. मी ते जरासं पुढं फिरवलं. स्पूल किंचित भरभर पळालं, बत्तीस मिनिटांची बाजू तीस मिनिटांत बसली, आरोळीसकट. प्रत्येक खेपेला बटण त्याच जागी यावं म्हणून बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका त्या जागी लावला. आठ-आठ कॅसेट एका दमात, अशा सगळ्या भरल्या. वेग वाढवला की आवाजही चढतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. हार्मोनियमवर जवळजवळ एक पट्टी. पण म्हटलं, कोण मोजतंय? कुणाला सांगितलं नाही. पोरांनाही नाही.

आणि खरंच कुणी मोजलं नाही. उलट ब बाजूवर लोक पागल झाले. ‘अ बाजू चांगली आहे, पण ब बाजू म्हणजे आग,’ असं जो तो म्हणायचा. कॅसेटी पंधरा दिवसांत संपल्या, मग पोरांनी एकमेकांत उतरवून घेतल्या, होस्टेलच्या प्रत्येक खोलीत ‘टँकर’ वाजू लागला. एका रिक्षावाल्या चाचांनी माझ्याकडून दोनदा भरून नेली. मी विचारलं, ‘चाचा, आवडतं का हे?’ तर म्हणाले, ‘पसंद-नापसंद छोडो, ये लगाया की सवारी भाव करना भूल जाती.’ मी मनात खूश व्हायचो. ती आग निम्मी माझ्या बटणाची आहे, हे मला एकट्याला माहीत होतं. पाप पचलं की माणसाला त्याची कला वाटू लागते, त्यातली गत.

‘कडेलोट’ मात्र टिकला नाही. गिटारवाला पराग परदेशी गेला. त्याच्या जागी नवी पोरं आली, वर्षभर कार्यक्रम झाले आणि मग भास्करनंच गाणं सोडलं. का, ते कुणाला कळलं नाही. तो सोयगावला परत गेला, बी-बियाण्याचं दुकान टाकलं. इकडे त्याचे ऐकणारे काही पांगले नाहीत. उलट मुरले.

डॉक्टर सुहास हा त्यांचा म्होरक्या. दातांचा डॉक्टर, पन्नाशीचा, दिसायला सभ्य. दवाखान्यात दाढ कोरताना ‘रणरण’ लावतो आणि पेशंटला तोंड उघडं असल्यामुळे तक्रार करता येत नाही. दुसरी कल्पना नावाची, शाळेत भूगोल शिकवते. हिच्याकडे ‘रणरण’च्या चार झिजलेल्या कॅसेट आहेत आणि एकीलाही ती कुणाला बोट लावू देत नाही. अशी पंचवीसेक मंडळी. त्यांनी एक रीत पाडली आहे. उन्हाळ्यात पारा ज्या दिवशी पहिल्यांदा बेचाळीसच्या वर जातो, त्याच्या पुढच्या रविवारी भर दुपारी सगळे सुहासच्या हॉलमध्ये जमतात. पंखे बंद. पंख्याचा आवाज गाण्यात येतो म्हणून. घामाच्या धारांत बसून पूर्ण अल्बम ऐकायचा, मधे बोलायचं नाही, आणि शेवटच्या आरोळीला सगळ्यांनी उभं राहायचं. नंतर माठातलं पाणी. मलाही बोलावतात, मानाची खुर्ची देतात. ‘ह्यांनीच भरल्या होत्या कॅसेटी’ अशी नव्या लोकांना ओळख करून देतात. दर वर्षी मी ती खुर्ची जराशी कडेला ओढून बसतो.

यंदाच्या मार्चमध्ये परागच्या आईचा माळा आवरताना ते मूळ स्पूल सापडलं. पुरणयंत्र आणि जुन्या चाळणीच्या मधे, स्टीलच्या डब्यात. सुहास ते छातीशी धरून माझ्याकडे आला.

‘काका, झिजलेल्या कॅसेटी बास झाल्या. हे उतरवून द्या. यावरून रेकॉर्ड काढायची, तबकडी, मोठी, काळी! आणि अजून एक बातमी आहे. मेमध्ये भास्करदादा येतोय.’

‘गायला?’ मी विचारलं.

‘छे हो. गाण्याचं नाव काढलं की फोन ठेवतो. फक्त ऐकायला येतो म्हणालाय. तुमच्याकडे उतरवताना तो समोर पाहिजे, आम्हीही पाहिजे. आणि काका, एक सांगून ठेवतो. आवाज कॅसेटसारखाच आला पाहिजे. तीच आग. त्यात इकडचं तिकडं नको.’

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

स्पूल उघडून बघितलं तर कडेला चिकट, तपकिरी. भाजायची तर होतीच. आमच्या शेजारी बचत गटाच्या बायकांनी आवळा-कांदा वाळवायचं विजेचं यंत्र घेतलं आहे. तापमान धरून ठेवण्यात ते माझ्या जुन्या खोक्यापेक्षा हुशार आहे. भास्कर यायच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘काका, हे काय वाळवायलात? चकली तर लई मोठी दिसायली.’ दिवसभर तिथं स्टूल टाकून बसलो. टेपेला जरासा आवळ्याचा वास लागला, तो अजून आहे.

आणि तिथं बसल्या बसल्या मी माझा डाव ठरवला. खरी पद्धत अशी, की टेप सरळ वेगावर उतरवायची. पण सरळ वेगावर ब बाजू लावली की ती एक पट्टी खाली येणार, सुहासला पहिल्या ओळीत कळणार आणि सगळं बाहेर पडणार. त्यापेक्षा सोपी वाट होती. अ आणि ब बाजूंच्या मधे मी तेव्हा पांढऱ्या कागदी पट्टीचा तुकडा जोडला होता. तो हेडवरून जायला आठ-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात बटण हळूच लाल ठिपक्यावर न्यायचं. लोकांना त्यांची आग मिळेल, माझी खुर्ची शाबूत राहील. कुणाचं काय बिघडतं? असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर येण्याआधी स्पूल उलटं करायला उठलो.

रविवारी सकाळी दहाला भास्कर आला. मी त्याला ओळखलंच नाही. जाडजूड झालेला, मिशा पांढऱ्या, हातात कापसाच्या बियाण्याची रिकामी पिशवी आणि तिच्यात घरचे आंबे. वाकून पाया पडला.

‘काका, वळखलं का?’ आवाज खालचा, दबलेला. बाजारात भाव सांगतात तितपतच.

सुहास आणि कल्पना आधीच येऊन बसले होते. सुहास त्याच्याकडे असा बघत होता की मला त्याच्या वयाची शंका आली. मी मशीन तयार करत होतो. वीज गेली तर मधेच दचका बसू नये म्हणून सुरुवातीपासूनच इन्व्हर्टरला जोडलेलं. हेड स्पिरिटनं पुसून ठेवलेले. चहा आला. आणि कल्पनानं, इतकी वर्षं सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न विचारला.

‘दादा, रागवू नका. पण तुम्ही गाणं का सोडलंत?’

भास्करनं चहाची बशी खाली ठेवली. मला वाटलं, उठतो आता. पण तो मशीनवरच्या स्पूलकडं बघत बोलू लागला.

‘गळा गेला माझा. दुसरं काय.’

‘डॉक्टरनं सांगितलं का?’ सुहासनं विचारलं.

‘डॉक्टर म्हने काय बी झालं नाय. दोन-तीन डॉक्टर झाले. पण माझं मला कळत व्हतं ना. पराग गेल्यावर जी नवी पोरं आली, ती कॅसेट ऐकूनच शिकलेली. कॅसेट लावायची, तिच्यासंगं गिटारीच्या तारा पिळून घ्यायच्या, तसं वाजवायचं. अ बाजूची गानी मी आरामात म्हनायचो. ब बाजू आली की गळा दाटायचा. “टँकर” तर व्हयनाच. आरोळी वरती चढायची नि तिथंच फाटायची. गॅदरिंगला फाटली तव्हा अख्खं मैदान हसलं. मागून एक पोरगा वरडला, “कॅसेट लावा रे, कॅसेट!” बरोबर बोलला तो. मीच रोज जाऊन कॅसेट लावायचो. म्हनायचो, भाश्या, हे तूच म्हनलास की रे. रेकॉर्डिंगच्या दिवशी अंगात काय तरी आलं व्हतं. ते परत आलंच नाय.’

 तो हसल्यासारखं करून पुढे म्हणाला, ‘मग सोडलंच. घरात आरतीला बी मी टाळ्याच वाजवतो. पोरगी आता पुन्यात नोकरीला हाय. तिनं मला कधी गाताना ऐकलंच नाय.’

मी कप खाली ठेवला.  मी ज्याला कोण मोजतंय म्हणालो होतो, ते एक माणूस इतकी वर्षं मोजत बसला होता, स्वतःच्या गळ्यावर. तीस मिनिटांच्या बाजूत बत्तीस मिनिटं कोंबली मी, आणि दम कोंडला त्याचा.

‘काका, सुरू करायचं ना?’ सुहास म्हणाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, ‘आता कुणी बोलू नका. एकदा सुरू झालं की थांबवता येणार नाही.’ बटण दाबलं.

अ बाजू सुरू झाली आणि मी थोडा वेळ सगळं विसरलो. इतकं स्वच्छ! कॅसेटीतून जे ढोल पत्र्यासारखे वाजायचे, त्यांना आता चामडं आलं होतं. कल्पनानं तोंडावर हात धरला. भास्कर मान खाली घालून ऐकत होता. चौथ्या गाण्याच्या मधे दार करकरल्याचा जो आवाज आहे, ज्याचा सुहासची मंडळी काय काय अर्थ लावतात, तो आला आणि भास्कर पुटपुटला, ‘मेसवाला डबा घेऊन आल्ता.’ सुहासचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पंचविसाव्या मिनिटाला टेप कुईकुई करू लागली.

हे भाजलेल्या टेपेचं दुखणं. एखाद्या जागी डिंक पुरता सुकलेला नसतो. मी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून टेपेच्या वाटेवरच्या बारीक लोखंडी खांबाला अलगद टेकवून धरली. आवाज कमी झाला. काडी काढली, पुन्हा सुरू. म्हणजे आता शेवटपर्यंत एक हात तिथंच अडकला. दुसरा हात मोकळा होता. तो मशीनच्या उजव्या कोपऱ्याकडं, बटणाकडं. लाल ठिपका समोर दिसत होता. इतक्या वर्षांत किंचित गुलाबी झालेला.

अ बाजूचं शेवटचं गाणं संपत आलं. माझा अंगठा बटणावर होता. मी काही मोठा सत्यवादी माणूस नाही, हे एव्हाना वाचणाऱ्याला कळलंच असेल. मला त्या क्षणीही माझी खुर्ची दिसत होती. सुहास दर वर्षी जी ओळख करून देतो ती ऐकू येत होती. बटण थोडं फिरवलं की हे सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. भास्कर आंब्याची पिशवी रिकामी करून सोयगावला जाणार होता, पुन्हा एकदा आपला गेलेला गळा ऐकून.

कागदाची पांढरी पट्टी आली. माझा जुना जोड हेडवरून खरखरत गेला, टिकला. एक, दोन, तीन... सात, आठ, नऊ. पट्टी संपली. अंगठा होता तिथंच राहिला.

ब बाजू सुरू झाली, सरळ वेगावर.

पहिल्या ठोक्यालाच सुहासनं मान वर केली. ‘काका... हे स्लो आहे.’

मी काडी खांबाला तशीच धरून ठेवली.

‘काका, मशीन ओढतंय! इन्व्हर्टर उतरला का?’ तो उठला. ‘असं नाहीये हे. आवाज बसलाय. बंद करा, टेप खराब होतीये!’

‘हात लावू नकोस.’

‘अहो, एकदाच वाजणार म्हणालात ना तुम्ही! मग नीट तरी वाजू दे!’ त्याचा हात खरंच थांबवायच्या बटणाकडं गेला. मशीन त्या क्षणी थांबलं असतं तर ओलसर टेप हेडला चिकटली असती आणि ओढून काढताना ते गाणं कायमचं सोललं गेलं असतं. माझा एक हात काडीला. दुसऱ्यानं मी त्या पन्नास वर्षांच्या डॉक्टरचं मनगट धरलं आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो.

‘मशीन बरोबर आहे! कॅसेट चुकीची होती!’

ते तोंडातून गेलं. सुहास तसाच वाकलेला राहिला. कल्पना माझ्याकडे बघत होती. टेप फिरत होती. आणि भास्करनं मान वर केली.

‘काय म्हनले?’

मी त्याच्याकडे न बघता सांगितलं. साठ मिनिटांच्या कॅसेटी, बत्तीस मिनिटांची बाजू, बटण, लाल ठिपका. गाणं चालू असताना, त्याच्याच आवाजावर आवाज काढून. चार वाक्यांत झालं. अठ्ठावीस वर्षं न सांगितलेलं चार वाक्यांत संपतं, याची मला लाज वाटली.

‘किती?’ त्यानं विचारलं.

‘एक पट्टी. जरा कमीच.’

तो उठला, मशीनजवळ आला, ठिपक्याकडे वाकून बघितलं. मला वाटलं, हा आता मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं अंगठ्याच्या नखानं ठिपका खरवडून बघितला. निघाला नाही. मग तो तिथंच, मशीनच्या बाजूला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि डोळे मिटले.

ब बाजूची बाकीची गाणी तो तसाच ऐकत राहिला. मग शेवटचं, ‘टँकर’, सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला त्याचे ओठ हलू लागले. तिसऱ्याला आवाज आला, बारीक, गंजलेला. मी सुहासकडं बघितलं, तो काही विचारायच्या बेतात होता. कल्पनानं त्याचा शर्ट ओढून खाली बसवलं. आरोळी जवळ येत होती. गंमत नव्हती ती. वय पन्नाशीचं, पंचवीसहून जास्त वर्षं न वापरलेला गळा. आता फाटला तर मग खरंच त्याचाच गेला, माझं बटण त्याला वाचवणार नव्हतं.

स्पूलवरचा पोरगा म्हणाला, ‘आला रेऽऽ’. भिंतीला टेकलेल्या माणसानं त्याच्यासंगं तोंड उघडलं. दोन आवाज मिळून वर चढू लागले. मधे एकदा आत्ताचा भास्कर डगमगला, खाकरला, मागं पडला, पुन्हा धरला. शेवटच्या वळणावर दोघं एकत्र पोचले. फाटला नाही. पोराचा आवाज संपल्यावरही हा थोडा वेळ धरूनच राहिला.

सुहास आणि कल्पना उभे राहिले होते. सवयच आहे त्यांची.

टेपेचं टोक सुटलं आणि स्पूल रिकामं फटफट फिरू लागलं. मी मशीन बंद केलं. कॉम्प्युटरात सगळं उतरलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सरळ.

सुहास खुर्चीत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘काका, राग येऊ देऊ नका. पण मला अजूनही ते जलदवालंच... म्हणजे दोन्ही देता येतील का?’ कल्पना त्याच्यावर इतकी चिडली की दोघांचं तिथंच जुंपलं. ते भांडण अजून त्यांच्या ग्रुपवर चालू आहे. निम्मे म्हणतात खरी पट्टी तीच रेकॉर्ड, निम्मे म्हणतात आमचं तारुण्य जलद होतं, ते आम्ही स्लो करणार नाही. चूक दोघांचीही नाही. चूक माझी आहे, आणि ती त्यांना आवडते, याला मी काय करू?

मी भास्करपुढे गेलो. हात जोडले. वयानं मी मोठा, पण दुसरं सुचलं नाही.

‘काका, ऱ्हाऊ द्या,’ तो म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. ‘तुमी मुद्दाम नाय केलं, हे कळतंय मला. पन काका, एकदा तरी सांगायचं व्हतं. मी रोज दुकानात कॅसेट लावायला यायचो तुमच्याकडं. रोज.’

खरं होतं ते. सायकलवर यायचा. गाणं सोडायच्या आधी दोन-तीन महिने तो माझ्या काउंटरला कोपर टेकून ‘टँकर’ ऐकायचा आणि मान हलवत निघून जायचा. मला वाटायचं, पोराला स्वतःचं गाणं आवडतं.

त्यानं खिशातून फोन काढला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर ऊन मावत नव्हतं. पलीकडे रिंग गेली, मुलीनं उचलला असावा.

‘पिंके, हापिसात नाय ना? आज आयतवार हाय, व्हय. ऐक जरा.’

फोनचा स्पीकर लावून, तो तोंडासमोर धरून त्यानं ‘टँकर’चं पहिलं कडवं म्हटलं. सावकाश, भर उन्हाकडं तोंड करून, मूळ पट्टीत. कडवं संपलं तसा फोनमधून तिचा आवाज आम्हा तिघांना स्पष्ट ऐकू आला.

‘पप्पा, कोण गातंय हे?’

त्यानं फोन कानाला लावला आणि तो उन्हात उतरला. मी वळलो, काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि हेड पुसत बसलो. हेड कधीच साफ झाले होते.